सहा महिन्यांचा पुरावा

१८३२ च्या उन्हाळ्यापासून अमेरिकेतल्या गावोगावच्या न्यायालयांत सत्तरी-ऐंशीतले म्हातारे येऊन उभे राहू लागले. न्यायाधीशासमोर शपथ घ्यायची आणि पन्नास वर्षांपूर्वी इंग्रजांविरुद्धच्या युद्धात आपण कुठे होतो, कुणाच्या हाताखाली होतो आणि किती महिने होतो, हे सांगायचे. कारकून ते लिहून घेई, म्हातारा सही करी, सही येत नसेल तर फुली मारी. ७ जून १८३२ च्या कायद्याने काँग्रेसने क्रांतियुद्धात किमान सहा महिने सेवा केलेल्या हयात शिपायांना पेन्शन देऊ केली होती आणि हे अर्ज त्यासाठीच होते. आज वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये क्रांतियुद्धाच्या पेन्शनच्या आणि जमीन-बक्षिसाच्या सुमारे ८०,००० फाइली आहेत. मायक्रोफिल्मवर त्यांची २,६७० रिळे झाली. साध्या शिपायाच्या तोंडून या युद्धाबद्दल काही ऐकायचे, तर एवढा मोठा साठा दुसरीकडे नाही.

पण या कागदांकडे आठवणींचे पुस्तक म्हणून पाहिले, की फसगत ठरलेली. हे अर्ज आहेत. अर्जदाराला पैसे हवे आहेत, सरकारला पुरावा हवा आहे, आणि काय सिद्ध करायचे ते कायद्याने आधीच ठरवून दिलेले आहे. म्हणून शोधाची पहिली पायरी शिपायाचे नाव नव्हे, अर्जाची तारीख. तारखेवरून कायदा कळतो, आणि कायदा कळला की म्हातारा एखाद्या गोष्टीवर पानभर का बोलतो आणि दुसरीबद्दल चकार शब्द का काढत नाही, याचा उलगडा होतो.

सुरुवातीची पेन्शन युद्धात जायबंदी झालेल्यांपुरती होती. त्या काळचे बहुतेक अर्ज आज नाहीत. नोव्हेंबर १८०० मध्ये वॉर डिपार्टमेंटच्या कचेरीला आग लागली आणि कागद जळाले. ऑगस्ट १८१४ मध्ये इंग्रजांनी राजधानीच पेटवली, तेव्हा आणखी काही गेले. अशा शिपायाची फाइल उघडली, तर आत कधीकधी एकच चिठ्ठी निघते: अपंगत्वाची पेन्शन होती, कागद उपलब्ध नाहीत. हात हलवत परत यायचे.

१८१८ चा कायदा आला तो गरजूंसाठी. काँटिनेंटल आर्मीत, म्हणजे काँग्रेसने उभारलेल्या नियमित फौजेत, नऊ महिने किंवा युद्ध संपेपर्यंत नोकरी केलेली हवी, आणि अर्जदार हलाखीत हवा. शिपायाला महिना ८ डॉलर, अधिकाऱ्याला २०. सरकारच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त अर्ज आले. तेव्हा १८२० मध्ये नवी अट घातली: आपल्या मालमत्तेची यादी शपथेवर द्या. या याद्या म्हणजे त्या काळच्या गरिबीचा पंचनामाच. जोसेफ प्लंब मार्टिन हा कनेक्टिकटचा पोरगा पंधराव्या वर्षी, १७७६ मध्ये, फौजेत शिरला आणि युद्ध संपेपर्यंत टिकला. पुढे तो मेनमध्ये स्थायिक झाला. १८२० च्या त्याच्या यादीत अंथरूण आणि अंगावरचे कपडे सोडले तर दोन गाई, सहा मेंढ्या आणि एक डुक्कर आहे. सगळ्याची किंमत ५२ डॉलर. याच मार्टिनने १८३० मध्ये आपले नाव न घालता आठवणींचे पुस्तक छापले, आणि आज त्या युद्धावरचे कुठलेही पुस्तक त्याच्याशिवाय पुरे होत नाही. पेन्शनच्या अर्जात मात्र त्याने लढायांचे वर्णन केलेले नाही. ते कुणी विचारलेच नव्हते. १८१८ आणि १८२० च्या अर्जांत नोकरीचा हिशोब चार ओळींत उरकतो आणि घरातली माणसे, आजारपण, जनावरे यांवर पाने भरतात. त्यांत लढाई शोधणारा निराश होतो आणि माणूस शोधणारा खूश होतो.

१८३२ च्या कायद्याने गरिबीची अट काढली, मिलिशियालाही, म्हणजे गावोगावच्या लोकसेनेलाही, पेन्शनच्या कक्षेत आणले, आणि सगळे चित्र बदलले. काँटिनेंटल फौजेचे हजेरीपट निदान काही प्रमाणात सरकारकडे होते. मिलिशियाचे फारसे नव्हतेच. शेतकरी दोन-तीन महिन्यांसाठी बंदूक घेऊन जाई, परत येऊन पेरणी करी, पुन्हा बोलावणे आले की जाई. त्याची नोंद कोण ठेवणार? तेव्हा वॉर डिपार्टमेंटने प्रश्नच नेमून दिले. जन्म कुठे आणि कधी झाला? वयाची लेखी नोंद आहे का, असल्यास कुठे? बोलावणे आले तेव्हा कुठे राहत होता, नंतर कुठे राहिला, आता कुठे राहतो? फौजेत गेला तो सक्तीने, स्वखुशीने की कुणाच्या बदली, आणि बदली असल्यास कुणाच्या? सोबत कोणते अधिकारी आणि कोणत्या पलटणी होत्या? सेवामुक्तीचा दाखला मिळाला होता का, कुणी दिला, त्याचे पुढे काय झाले? आणि शेवटी, आसपासचे कोण तुमच्या सचोटीची ग्वाही देतील?

ही सात प्रश्नांची यादी शेजारी ठेवून अर्ज वाचावा. काही ठिकाणी कारकुनाने प्रश्नोत्तरे क्रमाने लिहिली आहेत. काही ठिकाणी सगळे एका लांबलचक कथनात मिसळले आहे, पण सांगाडा तोच असतो. म्हाताऱ्याने सेनापतींची नावे का मोजली? पाचवा प्रश्न. दाखला घर जळाले त्यात गेला, असे का सांगितले? सहावा. पाठोपाठ एखाद्या पाद्र्याचे आणि शेजाऱ्याचे प्रमाणपत्र का लागते? सातवा. जे उत्तर प्रश्नावाचून आले आहे, त्याच्यापाशी थांबावे. कुणी न विचारता म्हातारा बर्फात अनवाणी चाललेल्या सोबत्याबद्दल किंवा देवी निघालेल्या छावणीबद्दल बोलतो, ते बहुधा त्याच्या स्वतःच्या मनातून आलेले असते.

आता पैशाचे गणित. साध्या शिपायाला दोन वर्षांच्या सेवेबद्दल पूर्ण पेन्शन वर्षाला ८० डॉलर, सहा महिन्यांबद्दल २०. म्हणजे सेवेचा एकेक महिना वर्षाला सुमारे ३.३३ डॉलरचा. पाच महिने आणि वीस दिवस भरले तर काहीच नाही. हा आकडा मनात ठेवला की अर्जातला एक विचित्र सूर कळू लागतो: अर्जदार महिने आणि दिवस कमालीच्या काटेकोरपणे मोजतो, पण साल कुठले ते त्याला धड सांगता येत नाही. त्याने मुद्दाम घोळ घातला असे नव्हे. आपल्याकडे जुनी माणसे ‘पानशेत फुटलं त्या साली’ म्हणतात, तसा तो ‘बर्गॉइन पकडला गेला त्या शरदात’ म्हणतो, म्हणजे इंग्रज सेनापती बर्गॉइन साराटोगाला शरण आला तो ऑक्टोबर १७७७. घटना पक्की असते, साल मागाहून चिकटवलेले असते. म्हणून अर्जातल्या सालापेक्षा अर्जातल्या घटनेवर भरवसा ठेवावा, आणि साल व घटना यांत भांडण झाले तर घटनेची बाजू घ्यावी.

यासाठी माझी पद्धत साधी आहे. अर्ज सलग वाचून झाला की तो फेऱ्यांमध्ये मोडायचा. मिलिशियाची प्रत्येक फेरी वेगळी: कोणत्या काउंटीतून निघाले, कप्तान कोण, कर्नल कोण, कुठून कुठे कूच केले, वाटेत काय झाले, किती दिवस, सुट्टी कुठे मिळाली. एका म्हाताऱ्याच्या चार फेऱ्या दोन परिच्छेदांत कालवलेल्या असतात आणि दुसऱ्या फेरीचा कप्तान तिसरीत घुसलेला असतो. ओळी मांडल्या की भोके दिसतात. मग प्रत्येक फेरी ओळखीच्या मोहिमेवर बसवून बघायची. दक्षिण कॅरोलायनाच्या सीमेकडे कूच आणि सोबत किंग्ज माउंटनच्या लढाईचा उल्लेख असेल तर ऑक्टोबर १७८०. काउपेन्स असेल तर जानेवारी १७८१. गिलफर्ड कोर्टहाउस असेल तर मार्च १७८१. अर्जदार लढाईत होता असे म्हणत नाही, ‘लढाई झाल्यावर दुसऱ्या दिवशी पोहोचलो’ म्हणतो, अशी वाक्ये मला फार विश्वासार्ह वाटतात. बढाई मारणारा माणूस एक दिवस उशिरा पोहोचत नाही.

एका फाइलीवर कधी थांबू नये. खरे काम कप्तानाच्या नावावर होते. शिपायाचा कप्तान कळला की त्याच कप्तानाखाली असलेल्या इतरांचे अर्ज शोधायचे. एकाला साल आठवते, दुसऱ्याला वाटेतली नदी, तिसऱ्याला मेलेल्या सोबत्याचे नाव. तिघांचे कथन एकत्र ठेवले की एका तुकडीचा दोन महिन्यांचा मार्ग नकाशावर काढता येतो. पण इथे एक सावधगिरी हवी. कधी एकाच गावातले, एकाच वकिलाने लिहिलेले अर्ज शब्दशः सारखे असतात. तेव्हा तीन साक्षीदार नसतात, एकच वकील असतो. पेन्शन मिळवून देणाऱ्या दलालांचा तेव्हा सुळसुळाट होता. १८३४ च्या सुमारास व्हर्जिनियाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात सरकारला चौकशी करावी लागली, आणि पेन्शन घेणारे काही जण युद्धाच्या वेळी हत्यार उचलण्याच्या वयाचेही नव्हते असे निघाले. अशा चौकशीचा अहवाल फाइलीत असेल तर तो आधी वाचावा, पण तोही डोळे मिटून स्वीकारू नये. चौकशी अधिकाऱ्यांनाही आपले ग्रह असतात.

फाइलीवर ‘एस’ असेल तर शिपायाचा अर्ज मंजूर झाला, ‘डब्ल्यू’ असेल तर विधवेचा, ‘आर’ असेल तर नामंजूर. विधवेने अर्ज केला की नवऱ्याचे जुने कागद तिच्या फाइलीत जातात. म्हणून नवऱ्याच्या नावाने ‘एस’ सापडले नाही, तर ‘डब्ल्यू’ बघावे. ‘आर’ पाहून खोटारडा समजू नये. सेवा साडेपाच महिनेच भरली, किंवा लग्न कायद्याने सांगितलेल्या मुदतीनंतर झाले, एवढ्यावरही अर्ज बाद होत. तो माणूस मात्र लढाईत होताच.

जेहू ग्रँटचे प्रकरण मी विसरू शकत नाही. ऱ्होड आयलंडमधला गुलाम. मालक इंग्रजांशी व्यापार करणारा, आणि जेहूला भीती की मालक आपल्याला इंग्रजांच्या जहाजावर पाठवून देईल. ऑगस्ट १७७७ मध्ये तो पळाला, कनेक्टिकटच्या डॅनबरीला जाऊन अमेरिकन फौजेत भरती झाला आणि दहा महिने सामानाच्या गाड्या हाकल्या. मग मालक आला आणि त्याला घेऊन गेला. १८३२ मध्ये, तोवर स्वतंत्र झालेल्या जेहूने पेन्शनसाठी अर्ज केला. पेन्शन ऑफिसने नकार दिला: मालकापासून पळून गेलेल्या गुलामाने केलेली सेवा सेवा धरता येत नाही. १८३६ मध्ये त्याने पुन्हा पत्र लिहिले आणि स्वातंत्र्याच्या गाण्यांनी, जागोजागी उभारलेल्या स्वातंत्र्यस्तंभांनी आपल्यालाही कसे भारले ते सांगितले. पेन्शन मिळाली नाही. पण नकाराला उत्तर म्हणून त्याला जे लिहावे लागले त्यामुळेच आज आपल्याला त्याचे आयुष्य माहीत आहे. अर्ज निमूटपणे मंजूर झाला असता, तर कदाचित चारच ओळी मिळाल्या असत्या. नामंजूर फाइली जाड असतात, आणि अभ्यासकाने त्या आधी मागाव्यात असे माझे मत आहे.

विधवांच्या अर्जांचा कायदा वेगळा, म्हणून त्यांचे कथनही वेगळे. १८३६ च्या कायद्याने विधवेला पेन्शन दिली, पण लग्न नवऱ्याची फौजेतली शेवटची सेवा संपण्याआधी झालेले हवे. पुढे १८३८ मध्ये लग्नाची मुदत १७९४ पर्यंत वाढली, १८४८ मध्ये १८०० पर्यंत, आणि १८५३ मध्ये ही अटच गेली. म्हणजे विधवेला दोन गोष्टी सिद्ध करायच्या: तो फौजेत होता, आणि लग्न अमुक काळात झाले. लग्ननोंदणी सगळीकडे नव्हती. तेव्हा घरच्या बायबलमधली, जन्म-लग्न लिहिलेली पाने फाडून अर्जाला जोडली गेली. पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मन घरांनी रंगीत नक्षीचे, हाताने लिहिलेले जन्म-बाप्तिस्म्याचे दाखले पाठवले. ते परत गेले नाहीत, फाइलीतच राहिले. वंशावळ शोधणाऱ्यांना सैनिकी कागदांत घराचा असा ऐवज सापडतो तो यामुळे.

सारा ऑस्बर्नचा १८३७ चा जबाब या सगळ्यात नावाजलेला आहे, आणि तो सार्थ नावाजला आहे. पेन्सिल्व्हेनियात राहणारी ऐंशी ओलांडलेली बाई. तिचे लग्न युद्ध चालू असताना एका शिपायाशी झाले होते, आणि ती नवऱ्यासोबत फौजेबरोबर फिरली: स्वयंपाक, धुणे, शिवण. १७८१ मध्ये यॉर्कटाउनच्या वेढ्यात ती खंदकातल्या माणसांना मांस, पाव आणि कॉफी नेऊन देत होती. जनरल वॉशिंग्टनने तिला विचारले, तोफांच्या गोळ्यांची भीती वाटत नाही का? फासावर जायचे असेल त्याला गोळी लागत नाही, अशा अर्थाचे उत्तर तिने दिले, आणि वर, माणसांनी लढायचे आणि उपाशीही राहायचे हे काही चालणार नाही, असेही सुनावले. इंग्रज फौज शरण येताना तिने पाहिली. इंग्रजांचे ढोल काळ्या कापडाने झाकलेले होते, असे ती सांगते. यॉर्कटाउनला शरण आलेल्या या फौजेचा सेनापती कॉर्नवॉलिस अकरा वर्षांनी, १७९२ मध्ये, हरिपंत फडक्यांच्या मराठी फौजेसोबत श्रीरंगपट्टणला टिपूसमोर उभा होता. तिथल्या कुठल्या मराठी बाजारबुणग्या बाईचा जबाब मात्र कुणी असा लिहून घेतला नाही.

पण साराचा जबाब पुन्हा वाचताना एक गोष्ट विसरू नये: यॉर्कटाउन हा तिचा मुद्दा नव्हता. तिला लग्न सिद्ध करायचे होते, आणि ते अवघड होते, कारण नवऱ्याने नंतर तिला टाकून दुसरे लग्न केले होते. फौजेसोबतचा प्रवास, कप्तानाचे नाव, कोण कुठे भेटले, हे सगळे ती ‘मी त्याची बायको म्हणून तिथे होते’ एवढे पटवण्यासाठी सांगते आहे. म्हणून तिच्या कथनात माणसे आणि मुक्काम चोख आहेत.

फाइलीतले इतर कागदही सोडू नयेत. फाइलीत कधीकधी विसाव्या शतकातली टंकलिखित पत्रे असतात: कुणा पणतवाने विचारणा केली आणि पेन्शन ब्यूरोने गोषवारा पाठवला. गोषवारा वाचायला सोपा म्हणून लोक तोच उतरवून घेतात. त्यात नावे चुकतात आणि फेऱ्या एकमेकींत मिसळतात. तो फक्त वाट दाखवायला वापरावा. अशीच सावधगिरी निवडक कागदांच्या मायक्रोफिल्मबाबत. तिथे प्रत्येक फाइलीतली फार तर दहा पाने घेतलेली आहेत. पूर्ण फाइलींच्या रिळांवर सगळी पाने आहेत, आणि त्या आता संगणकावरही बघता येतात. ‘फाइलीत एवढेच होते’ असे म्हणण्याआधी आपण कोणती प्रत पाहिली, ते तपासावे. अक्षर लावायला सुरुवातीला जड जाते. तारीख आणि काउंटीचे नाव पहिल्या ओळीत, ठरलेल्या साच्यात येते. तिथून त्या कारकुनाची अक्षरे ओळखून घ्यावीत आणि मग पुढे जावे. गावांची आणि अधिकाऱ्यांची नावे कारकुनाने ऐकली तशी लिहिलेली असतात, म्हणून ती मोठ्याने वाचून बघावीत.

शिपाई कधी वारला हे अर्जावरून क्वचितच कळते. त्यासाठी पैसे वाटल्याच्या वह्या बघाव्या लागतात. पेन्शन वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरच्या ४ तारखेला मिळे. मेल्यावर उरलेली रक्कम वारसांना देताना मृत्यूचा दिवस लिहिला जाई, आणि शेवटच्या पावतीवर मुलांची नावेही मिळतात. शेकडो मैल पश्चिमेला गेलेला म्हातारा केंटकीच्या यादीतून ओहायोच्या यादीत कधी बदलला, हेही तिथेच सापडते.

आणि शिपायाची फाइल सापडलीच नाही तर? बहुतेकांची सापडत नाहीच. १८१८ आधी वारलेला, १८३२ पर्यंत न टिकलेला, मिलिशियात चारच महिने गेलेला, बायको आधीच वारलेली: असे लाखभर तरी असतील. राज्यांनी स्वतंत्रपणे दिलेल्या पेन्शनी आणि जमिनी होत्या, त्यांचे कागद राज्यांच्या दप्तरांत आहेत. उरलेसुरले हजेरीपट एकत्र करून केलेल्या सेवानोंदी आहेत. आणि त्याच्या काउंटीतून, त्याच्या कप्तानाखाली गेलेल्या इतरांचे अर्ज आहेत. त्यांतल्या एखाद्याने पाचव्या प्रश्नाचे उत्तर देताना, किंवा आपण कुणाच्या बदली गेलो ते सांगताना, त्याचे नाव घेतलेले असू शकते. ते एक वाक्य शोधायला चाळीस फाइली वाचाव्या लागल्या तरी त्या वाचाव्यात, कारण चाळीस फाइलींनंतर त्या तुकडीत कोण कोण होते ते आपल्याला तोंडपाठ झालेले असते.